तिकिटं तपासायची ऑनलाइन किट: भिंग एक नंबर, पट्टी भंगार

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जुनी टपाल तिकिटं तपासायची जी किट ऑनलाइन भेटते, लाइटवालं भिंग, चिमटा, कडेची छिद्रं मोजायची प्लॅस्टिकची पट्टी, काळी ट्रे अन् एक बारकी यूव्ही (अतिनील प्रकाशाची) टॉर्च, ती मी साडेपाचशेला मागवली. भिंगातच पैसे वसूल झाले. पट्टी भंगार निघाली. बाकीचं ठीकठाक. पाचपैकी साडेतीन स्टार. आता ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत जुने कागद पडून आहेत अन् यात एखादं लाखाचं तिकीट असंन असं ज्यांना वाटून राहिलं, त्यांनी पुढं वाचा.

माझं अंजनगाव सुर्जीकडं एका गावात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पोट्ट्यांचे कॉलेजचे फॉर्म, हेच धंदे. पण मोबाइलवर ते फॉरवर्ड फिरते ना, "तुमच्याकडे हे तिकीट असेल तर तुम्ही लखपती", ते आलं की दोन-चार जण प्लॅस्टिकच्या पिशवीत तिकिटं घेऊन हजर, "पाह्य बरं बाबू, याचे किती येतीन?" आता बाबूले काय माहीत किती येतीन. अन् काही फॉरवर्डमध्ये खाली नंबर असते, फोन केला की आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावावर असंच चालू होतं म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये लोकांना सावध राहा म्हणून सांगितलं होतं. तिकिटांचंही तेच. जो विकत घेणार आहे तो तुम्हाला पैसे देते, मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

किट घ्यायच्या आधी एक ॲप वापरून पाह्यलं. नाव घेत नाही. पहिले काही दिवस फुकट, मग दर आठवड्याला पैसे कापते. त्याच्यात पाचव्या जॉर्ज राजाचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट टाकलं, जे आपल्या इकडच्या कोणत्याही जुन्या पेटीत हमखास निघते. ट्यूबलाइटखाली फोटो काढला तर एक भाव, दारात उन्हात काढला तर भलताच भाव, अन् दोन्ही डॉलरमध्ये! आता यात गंमत अशी की हे हिरवं तिकीट आधी लंडनमध्ये डी ला रू कंपनी छापायची अन् १९२६ पासून आपल्या नाशिकच्या प्रेसमध्ये छापायला लागले. चित्र तेच, किंमत तीच, रंगही जवळपास तोच. फरक कागदाच्या पोटातल्या खुणेत, म्हणजे वॉटरमार्कमध्ये आहे, लंडनवाल्यात प्रत्येक तिकिटाच्या कागदात एक चांदणी, नाशिकवाल्यात बारक्या बारक्या खूप चांदण्या. समोरून काढलेल्या फोटोत हे दिसूच शकत नाही, मग ॲप कशाच्या भरवशावर भाव सांगते देव जाणे. (अन् दोन्ही तिकिटं कॉमन आहेत, ढिगानं सापडतात, ते वेगळंच.) ॲप काढून टाकलं.

आता किटवर येतो. भिंग दहा पट मोठं दाखवते, आत बारका एलईडी, घडी करून खिशात मावते. काच खरी काच आहे, प्लॅस्टिक नाही, कडेला थोडं इंद्रधनुष्य दिसते पण मधात एकदम साफ. डोळ्याला चिकटवून धरायचं अन् तिकीट जवळ आणायचं, लोक उलट करतात, भिंग तिकिटावर ठेवून लांबून पाहतात अन् म्हणतात काहीच दिसत नाही. एकदा जमलं की काय काय दिसते पाहा: कागदाचे धागे दिसतात, घडी पडलेली रेघ, मागं कोणी जुना कागद चिकटवून काढल्यामुळं पातळ झालेली जागा, एखाद्या कोपऱ्यातला मोडका दात. हे सगळं साध्या डोळ्याला दिसत नाही अन् भाव याच्यावरच पडतो. तेच तिकीट धडधाकट असंन तर एक भाव, घडी पडलेलं किंवा तांबूस डाग पडलेलं असंन तर त्याच्या पाव पट पण कोणी देत नाही.

भिंगाचं सगळ्यात मोठं काम मात्र गांधीजींच्या तिकिटात झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली होती, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे अन् दहा रुपये, छापलेली स्वित्झर्लंडमध्ये, कूरव्हॉइझियरच्या छापखान्यात. त्यातले फक्त १०० सेट गव्हर्नर जनरलच्या ऑफिससाठी 'सर्व्हिस' असं वरून छापून दिले होते. त्या दहा रुपयांच्या सर्व्हिसवाल्या चार तिकिटांची एक जोडपट्टी २०१७ मध्ये इंग्लंडात पाच लाख पौंडाला विकली गेली. ही बातमी खरी आहे, अन् फॉरवर्डचं मूळ इथंच आहे. पण फॉरवर्डमध्ये फोटो त्या तिकिटाचा अन् मजकूर असा की गांधीजींचं कोणतंही जुनं तिकीट असंन तर चालते. दीड आण्याचं तपकिरी गांधी तर तेव्हा साध्या पत्रांवर लागायचं, ते कित्येक घरात निघते.

तर पलीकडच्या गावचे एक काका आले, रुमालात बांधून, रुमालाच्या आत डबी, डबीच्या आत तिकीट. दहा रुपये, गांधीजी, वर सर्व्हिस. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. भिंग लावलं अन् पाह्यलं तर चेहऱ्यावर लाल, निळे, पिवळे बारीक ठिपके, जसे लग्नपत्रिकेवरच्या फोटोत दिसतात. स्वित्झर्लंडची ती छपाई फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीची, त्यात रंग मऊ, पसरलेला, सावलीसारखा उतरतो, असे सुटे रंगीत ठिपके येतच नाहीत. म्हणजे हे आजकालच्या मशीनवरचं. काकांनाच भिंग दिलं, म्हटलं तुम्हीच पाहा. त्यांनी बराच वेळ पाह्यलं, मग डबी बंद केली अन् म्हणाले, "पण ठेवतो मी हे. गांधीबाबाचं हाय, फेकायचं कायले." त्यांनी कोणाकडून किती रुपयांत घेतलं होतं ते काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

हे भिंग आता माझ्याकडं कमीच असते. मोठेबाबा कपाशीच्या पानावरचे फुलकिडे पाहायला वावरात घेऊन जातात अन् सांजेला परत देतात, धुळीनं भरलेलं.

पट्टीचं ऐका. तिकिटाच्या कडेला जे दाते असतात त्यांचं माप असते, दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते. आपल्या राजाराणीच्या जमान्यातल्या बहुतेक साध्या तिकिटांचं माप १४ आहे. काही तिकिटांच्या बाबतीत एकच चित्र, एकच रंग, पण छिद्रांचं माप वेगळं म्हणून एक कॉमन अन् दुसरं महाग असं असते, म्हणून ही पट्टी लागते. पट्टीवर ठिपक्यांच्या ओळी असतात, तिकीट सरकवत जायचं, ज्या ओळीत सगळे ठिपके छिद्रात बरोबर बसले तो आकडा. मी जॉर्ज राजाची दहा-बारा तिकिटं लावली अन् सगळीच साडेतेरा आली. एक-दोन आली असती तर खुश झालो असतो, पण सगळीच्या सगळी? मग कंपासमधली स्टीलची फूटपट्टी काढून मोजलं, तर यांच्या पट्टीवरचे दोन सेंटिमीटर हे दोन सेंटिमीटर नव्हतेच, अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी. छापतानाच लहान झालेली पट्टी! ज्याला कोणाला ही पट्टी मिळाली असंन त्यानं आधी स्टीलच्या पट्टीवर तपासा, नाहीतर घरबसल्या सगळीच तिकिटं दुर्मिळ होतील. मी सध्या तिकीट स्टीलच्या पट्टीजवळ ठेवून भिंगातून सरळ मोजतो. डोळे दुखतात पण आकडा बरोबर येते.

चिमटा चांगला आहे, टोकाला चपटा, कागदाला भोक पडत नाही. आपल्याकडं लोक घामाच्या हातानं तिकीट धरतात, मे महिन्यात तर विचारूच नका, त्यापेक्षा हे बरं.

काळी ट्रे म्हणजे साधी काळी प्लॅस्टिकची बशी, पण कामाची आहे. तिकीट त्यात पालथं ठेवायचं, वरून लायटरचं फ्ल्यूड दोन थेंब, अन् कागदातली खूण काळपट होऊन वर येते. जुन्या व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटात, ज्यावर ईस्ट इंडिया पोस्टेज लिहिलेलं असते, १८६५ पासून हत्तीचं डोकं आहे. हो, कागदाच्या आत हत्तीचं डोकं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा दुकानातलं गिऱ्हाईक तसंच ताटकळत ठेवून मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग १८८० नंतर चांदणी आली, मग नाशिकच्या बऱ्याच चांदण्या. फ्ल्यूड किटमध्ये येत नाही, अमरावतीहून आणावं लागलं. अन् भाऊ, ते पेटते. अगरबत्ती, गॅस, विडी, काही जवळ नको, खिडकी उघडी ठेवा. रॉकेल टाकू नका, तेलकट डाग राहते. पाणी तर बिलकुल नको, मागचा गोंद जाते अन् गोंदासकट कोऱ्या तिकिटाचा भावही जाते. फोटोग्रॅव्ह्युअर छपाईच्या काही तिकिटांची शाई या फ्ल्यूडमध्ये सुटू शकते, म्हणून गांधीजी अन् त्यानंतरची तिकिटं यात बुडवायची नाहीत. अजून एक, आमच्याकडच्या उन्हाळ्यात फ्ल्यूड टाकलं की पाह्यच्या आधी उडून जाते, हे काम सकाळी सकाळी करा.

नये पैशाची तिकिटं, ज्यावर भारताचा नकाशा आहे, त्यांना फ्ल्यूड लागतच नाही, ट्रेवर कोरडंच पालथं ठेवून तिरकं पाह्यलं तरी खूण दिसते. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे सुरू झाले तेव्हाची ही मालिका. आधीच्यात चांदण्या, अन् १९५८ पासून अशोकस्तंभाची खूण. लोकांना हे कळलं की लगेच "मग चांदणीवालं महाग असंन ना?" काही जास्त किमतीच्या तिकिटात फरक पडते, पण पाच-दहा नये पैशाची वापरलेली तिकिटं दोन्ही प्रकारात एवढी आहेत की पोट्टे वहीला चिकटवतील तरी संपणार नाहीत.

खरं म्हणजे या किटचा उपयोग दुर्मिळ शोधायला फार कमी अन् कॉमन बाजूला काढायला जास्त आहे. एका पिशवीतली तिकिटं तासाभरात वेगळी होतात अन् उरलेली एखाद-दुसरी पुढं कोणाला दाखवायची ते ठरते. लोकांच्या डोक्यात जुनं म्हणजे महाग असं पक्कं बसलं आहे. जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, १८४० चं इंग्लंडचं पेनी ब्लॅक, ते पावणेसात कोटीच्या वर छापलं होतं, आजही बाजारात पाहिजे तेवढं भेटते, महाग आहे पण दुर्मिळ नाही. आपलं १८५४ चं अर्ध्या आण्याचं निळं राणीचं तिकीट पण कोट्यवधी छापलेलं. त्याला कडेला छिद्रंच नाहीत, कात्रीनं कापायचे, म्हणून चारही बाजूला कोरी कड शिल्लक असलेलं भेटलं तर भाव, अन् कात्री चित्रात शिरली असंन तर गेला. चुकीचं छापलं म्हणजे दुर्मिळ, हेही खरं नाही. १९४९ चं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट उलट्या फोटोवरून छापलं गेलं, हात भलत्याच बाजूला आला, १९५० मध्ये सुधारलं. चूक लाखोंनी छापली तर चूकपण कॉमनच होते, आमच्या घरच्या पेटीत दोन्ही निघाले. उलट त्याच १८५४ च्या चार आण्याच्या लाल-निळ्या तिकिटात काहींवर राणीचं डोकं उलटं छापलं गेलं, ते मोजकेच उरले आहेत, ते खरं दुर्मिळ. पण ते आपल्या पेटीत असंन अशी आशा ठेवू नका राजेहो.

जे आपल्या पेटीत असू शकते ते वेगळंच आहे, अन् ते मला आमच्या गावच्या रिटायर पोस्टमास्तरांनी सांगितलं. किट पाहून पहिले म्हणाले, "काऊन रे बाबू, हे खेळणं कायले घेतलं?" मग एक जुनं पोस्टकार्ड भिंगाखाली धरलं अन् म्हणाले तिकीट पाहू नको, शिक्का पाह्य. पाव आण्याचं पोस्टकार्ड, राणीचं डोकं कार्डावरच छापलेलं, असे कार्ड आपल्याकडं १८७९ पासून आले. त्यावर गोल शिक्का, साध्या डोळ्याला नुसता काळा डाग, भिंगाखाली एक एक अक्षर सुटत गेलं, एलिचपूर. म्हणजे आपलं अचलपूर, इंग्रज तेव्हा असंच लिहायचे. कार्ड एकदम कॉमन, पण लहान गावचा जुना शिक्का स्वच्छ उमटलेला असंन तर त्याच्यासाठी वेगळे जमा करणारे लोक आहेत. वऱ्हाडातल्या कापसाच्या अडत्यांची मुंबईशी पत्रं चालायची, कित्येक घरात ती अजून सुतळीत बांधून आहेत, शिक्क्यासकट. अन् लोक काय करतात, त्यातलं तिकीट तेवढं कापून काढतात अन् पाकीट चुलीत घालतात! तिकिटाचे दोन रुपये, पाकिटाचे कदाचित पाचशे असते. कार्डावरचं छापलेलं डोकं कापून काढणाऱ्याले तर काय म्हणावं. पाकीट, कार्ड, काहीही असो, जसं आहे तसं ठेवा, भिजवून तिकीट सोडवू नका.

निझामाच्या तिकिटांचंही असंच एक आहे. वऱ्हाड कागदोपत्री निझामाचं होतं पण कारभार इंग्रजांचा, म्हणून आमच्याकडच्या पत्रांवर इंग्रजांचीच तिकिटं. हैदराबादची तिकिटं फक्त त्यांच्या राज्याच्या हद्दीत चालायची. पण राजुरा त्या राज्यात होतं, म्हणून चंद्रपूरकडच्या लोकांच्या पेटीत उर्दू अक्षरांची तिकिटं निघाली तर चकित होऊ नका, अन् ती परदेशी आहेत म्हणून फेकूही नका.

यूव्ही टॉर्चचा आमच्यासाठी फार उपयोग नाही. एक काम होते: तिकिटावरची पेनाची शाई धुऊन कोणी ते कोरं करून विकत असंन, किंवा फाटलेलं चिकटवलं असंन, तर अंधारात टॉर्च मारली की ती जागा वेगळी चमकते. पेनाची शाई असते कारण तेव्हा पोस्टेज अँड रेव्हेन्यू असं लिहिलेली तिकिटं पत्रालाही चालायची अन् पावतीलाही, पावतीवर सही मारून रद्द करायचे. अशी सहीवाली तिकिटं कमी भावाची. बाकी जुन्या कागदपत्रांवरची कोर्ट फीची मोठी तिकिटं घेऊन जे येतात त्यांना मी आधीच सांगतो, ही टपालाची नाहीत, त्यांचा बाजार वेगळा, अन् असल्या कागदावरून तिकीट काढायच्या आधी वकिलाला विचारा!

भावाचं शेवटी एकच. मोठ्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्टॅनली गिबन्ससारख्या, जो आकडा पौंडात लिहिलेला असते तो दुकानदाराचा विकायचा भाव असते, अन् तोही चांगल्या तिकिटाचा. आपल्याकडून घेताना त्याचा बारकासा तुकडा हातात येते. नागपूरला एका दुकानदाराला मी बाजूला काढलेली तिकिटं दाखवली, त्यानं पत्त्यासारखी भराभर सरकवली अन् दोनच वेगळी ठेवली. त्या दोन तिकिटांचे मिळून किटचे पैसे सुटले, वर चहापाणी. एलिचपूरचं कार्ड मी विकलं नाही, त्यानं दोनदा विचारलं तरी. नागपूरच्या जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, तिकिटं जमा करणाऱ्यांसाठी फिलाटेली ब्युरो आहे, तिथं नवी तिकिटं भेटतात अन् खातं उघडलं की नवी निघालेली घरी येतात, गाडगेबाबा अन् तुकडोजी महाराजांवर पण तिकिटं निघाली आहेत. मोठ्या संख्येनं छापलेली ही तिकिटं जपून ठेवायची ती आवड म्हणून.

डिलिव्हरी वेळेवर आली, पॅकिंग बरं होतं. पट्टीची तक्रार टाकली तर विक्रेत्यानं दुसरी पाठवली, ती पण तेवढीच लहान. मग थोडे पैसे परत दिले, वाद घातला नाही. सोबत जे पुस्तक येते त्यात सगळी युरोपची तिकिटं आहेत, आपलं एकही नाही. ज्यांच्याकडं दोन-चारच तिकिटं आहेत त्यांनी किट घेऊ नका, नुसतं काचेचं भिंग घ्या, स्टीलची पट्टी घरी असतेच, काळ्या ट्रेऐवजी काळी बशी चालते. पेटीभर कागद असतील तर घ्या.